डॉक्टरांच्या पाइपाला ओली चिंधी

तंबाखूचा पाइप मी जन्मात ओढला नाही, पण तो आतून कसा असतो हे मला ओढणाऱ्यांपेक्षा जास्त कळतं. ओढणाऱ्याला धूर आला की पुरतं. धूर कुठून येतो, मध्ये कुठं अडतो, दांडी का हलते, याच्याशी त्याला घेणं नसतं. नवऱ्यांचंही असंच असतं. भाकरी ताटात आली की झालं.

माझं माहेर करमाडचं. वडील सुतार, बैलगाडीची चाकं करायचे. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी दुसरीत होते. चौथी झाली आणि शाळा संपली. पुढं पाच-सहा वर्षांनी मला शहरात दिलं. सासरही सुताराचंच, पण ते लोक स्वतःला सुतार म्हणवून घेत नसत. ते खरादी. लाकूड खरादावर फिरवून गोल करणारे. शहागंजच्या मागच्या बोळात पुढं दुकान, मागं घर, आणि दोन्हीच्या मध्ये सासूबाई.

सासऱ्यांनी एका मुसलमान उस्तादाच्या हाताखाली हुक्क्याचं काम शिकून घेतलं होतं. हुक्क्याची उभी नळी, तिला नैचा म्हणतात, ती त्यांची खासियत. मोठमोठ्या जहागीरदारांच्या ड्योढीवर, म्हणजे वाड्यावर, त्यांचे नैचे जायचे म्हणे. मी पाहिलं नाही. मी आले तेव्हा सासरे गेले होते, जहागिऱ्या गेल्या होत्या आणि त्यांच्या मागोमाग हुक्केही गेले होते. नव्या साहेबांना सिगारेट पुरायची, बाकीच्यांना विडी. आमच्या मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, वाट्याला लाटणी, भोवरे आणि खाटेचे पाय आले. लाटणं करताना त्यांचं तोंड असं व्हायचं, जणू पोळी त्यांच्याच पाठीवर लाटणार आहेत.

खराद हाताचा होता. फिरत्या लाकडाला चामड्याच्या पट्ट्याचा वेढा द्यायचा, एकानं पट्टा मागंपुढं ओढायचा, दुसऱ्यानं लाकूड कातायची पटाशी धरायची. आमच्यात रीत अशी की पट्टा बाईनं ओढायचा आणि पटाशीला बाईनं हात लावायचा नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. पट्टा ओढणाऱ्या हाताला सगळं कळतं. पटाशी जास्त रुतली की पट्टा जड होतो, लाकडात गाठ आली की झटका देतो. मालक म्हणायचे, काम मी करतो. मी म्हणायचे, बरोबर आहे, मी नुसती वारा घालते.

ही पाइपाची गोष्ट घडली त्या वर्षी मालकांच्या चुलत भावानं एक गोष्ट आणली. ते कापडाच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. गिरणीच्या आतल्या कारखान्यात सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिन कातायला एक खरादी हवा होता. विजेचा खराद, महिन्याचा पगार, आठवड्याला सुट्टी. महिना संपेपर्यंत हो का नाही ते कळवायचं होतं. मी मनात कधीच हो म्हणून टाकलं होतं. सासूबाईंचंही मन तिकडंच होतं, फक्त लेकापुढं बोलायची त्यांची छाती नव्हती. मालक मात्र ऐकायला तयार नव्हते.

"दुसऱ्याच्या खरादावर उभं राहू व्हय मी?"

"उभंच राहायचंय ना? इथंही उभेच असता."

"इथं मी मालक आहे."

"कशाचे? भोवऱ्यांचे?"

यावर ते जेवणावरून उठले. म्हणजे पाणी प्यायला उठले आणि परत येऊन बसले.

तर असं चाललेलं असताना एका सकाळी दुकानापुढं टांगा थांबला आणि घोड्यांचे डॉक्टर उतरले. निजामाच्या घोडदळात त्यांची नोकरी झालेली, आता म्हातारे होऊन छावणीकडं राहायचे. उंच माणूस, पांढऱ्या मिशा. माणसाकडं बघायचे तेही आधी पायांकडं, मग गुडघ्यांकडं, आणि सगळं ठीक दिसलं तर तोंडाकडं. सासऱ्यांचं नाव ऐकून आलो म्हणाले आणि खिशातून पाइप काढून खरादाच्या फळीवर ठेवला.

"मिस्त्री, याला दोन बीमाऱ्या आहेत. एक, दांडी ढिली. दोन, गुडगुडतो."

मालकांचा चेहरा खुलला. "गुडगुडतो? मग चांगलंय की साहेब."

हुक्का गुडगुडला नाही तर तो बिघडलेला असतो. आमच्या घराण्यात गुडगुडणं म्हणजे कारागिराला दिलेली शाबासकी. डॉक्टरांनी त्यांच्याकडं गुडघ्यांपासून पुन्हा एकदा पाहिलं.

"मियाँ, घोड्याचं पोट गुडगुडलं तर चांगलं. पाइप गुडगुडला तर तोंडात कडू पाणी येतं. वीस वर्षं मी ते पाणी पितोय."

मग जाता जाता ते म्हणाले, "क्लबात माझ्यासारखे चार-पाच म्हातारे आहेत. सगळ्यांच्या पाइपांची हीच रड. बंबईला धाडावे लागतात. तू नीट केलंस तर सगळे तुझ्याकडं धाडतो. आठ दिवसांनी येईन."

टांगा वळला नाही तोच मालक आत आले. "ऐकलंस? आता गिरणी नको न् काही नको."

"एक पाइप आलाय."

"एकाचे पाच होतील. पाचाचे पन्नास."

"आधी एकाचा एक तर राहू द्या," मी म्हटलं. हे मी सहज बोलले होते. माझ्या जिभेला काही पुढचं दिसत नाही.

ज्यांनी पाइप कधी हातात धरला नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू भरायची एक लाकडी वाटी असते. तिच्यातून लाकडाचीच एक मान निघते. त्या मानेत काळी दांडी बसते, ती तोंडात धरायची. दांडीच्या टोकाला करंगळीहून बारीक खुंटी असते, ती मानेच्या भोकात जाते. सगळा खेळ त्या खुंटीचा. ती ढिली झाली की दांडी हलते आणि हवा बाजूनं शिरते. घट्ट झाली की निघत नाही, आणि जोर केला की मोडते.

मालकांनी पाइप उलटासुलटा करून पाहिला आणि त्यांना सगळं ओळखीचं वाटलं. हुक्क्यालाही असेच सांधे असतात. तिथं खुंटीला सुताचा दोरा गुंडाळतात, तो भिजवून घट्ट दाबून बसवतात, वरून ओली चिंधी बांधतात. ओल असेपर्यंत हवा म्हणून निसटत नाही. हुक्का मुळात पाण्याचाच धंदा. त्यांनी तेच केलं. खुंटीला दोरा, दोऱ्याला पाणी, दाबून बसवलं, वर ओली चिंधी, आणि पाइप फळीवर ठेवून दिला. मी शेजारीच उभी होते. मलाही काही खटकलं नाही, हे कबूल करते. मागाहून शहाणपण सांगायला मी कमी केलं नाही, ही गोष्ट वेगळी.

सकाळी चिंधी सोडली. मानेच्या कडेपासून आत बोटाच्या पेराएवढी चीर गेली होती. केसासारखी बारीक, पण चीर. आतला दोरा फुगला होता, लाकूडही फुगलं होतं, आणि दोघांना मिळून जागा पुरली नाही. मालकांनी घाबरून दांडी ओढली. निघेना. मग पिळली. टक्कन आवाज झाला. दांडी हातात आली, खुंटी आतच राहिली.

मोडका तुकडा त्यांनी फळीवर ठेवला. मग मालक म्हणाले, "आधीच तडकलेला असणार."

"आणि खुंटी?"

"तीही कच्ची असणार."

"साहेब आणि त्यांचे गुडघेही कच्चे असतील. सांगा तसं त्यांना."

ते खाली बसले. ह्या माणसाला मी रागावलेला पुष्कळदा पाहिला होता, पण घाबरलेला तेव्हाच पाहिला. लाटण्यांवरून पोरं थट्टा करत, ते त्यांना चालायचं. पण वडिलांचं नाव ऐकून आलेल्या माणसाची वस्तू हातात मोडली, आता गिरणीशिवाय गती नाही, हे त्यांना कळलं होतं. म्हणाले, "आता जावंच लागंल." तिकडं जाणं त्यांना मरणासारखं वाटत होतं आणि मला सणासारखं. तरी मला आनंद झाला नाही. दुकान राहावं की जावं हा एक प्रश्न, दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात मोडली हा दुसरा. दोन्ही एकात कालवायचे नाहीत. मी म्हटलं, "गिरणीचं मागून बघू. आधी हे नीट करून द्यायचं."

"कसं?"

"ते मला काय माहीत? पण पाणी लावून बिघडलंय, तर आधी पाणी काढू."

उन्हात ठेवायला मी नको म्हटलं. वडिलांकडं चाकाचं ओलं लाकूड उन्हात पडलं की चिरा उघडत जात, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. मी पाइप कागदात गुंडाळला आणि ज्वारीच्या डब्यात खोल पुरला. धान्य ओल हळूहळू ओढून घेतं, घाई करत नाही.

संध्याकाळी सासूबाई दळणाचे दाणे काढायला गेल्या आणि ज्वारीत हात घातला.

"हे काय पुरून ठेवलंस गं सूनबाई?"

"डॉक्टरांचा पाइप."

"खायच्या दाण्यात तंबाखू? माझ्या घरात?"

"आत्याबाई, तुम्ही सकाळी दातांना काय लावता?"

त्या मिश्री लावायच्या, रोज दोन वेळा. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. त्यावर चार दिवस त्या प्रत्येक घासाला भाकरी नाकाशी नेऊन हुंगत होत्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "वास तसा बरा आहे."

पाइप ज्वारीत होता तोवर मी जुन्या बाजारात गेले. त्या काळात तिथं काय मिळत नसे? हैदराबादला, तिथून कराचीला निघून गेलेल्या हाकिमांच्या घरातलं सामान कबाड्यांकडं ढिगानं पडलेलं असायचं. झुंबरांचे लोलक, टोपीच्या पेट्या, चष्म्याच्या रिकाम्या चौकटी. एका कबाडीणीपुढं टोपलीत मोडके पाइप होते. तिला मी विचारलं, "खाला, हे कितीला?"

ती म्हणाली, "ये कौन लेता माँ? तू बीड़ी छोड़ के ये पीने वाली क्या?"

"मी नाही, माझी सासू."

ती हसायला लागली. माझ्या पिशवीत विकायला आणलेलं एक लाटणं होतं, तिला ते हवं होतं. लाटणं दिलं, टोपलीतले सगळे पाइप घेतले.

घरी आल्यावर मी ते एकेक करून सोडवले. मला वाटलं होतं सगळे सारखेच असतील. तसं नव्हतं. काही डॉक्टरांच्यासारखे, साधी खुंटी दाबून बसवलेले. दोन पाइपांची खुंटी हाडाची होती आणि तिला आटे होते, अत्तराच्या बाटलीच्या बुचासारखी फिरवून बसवायची. त्यातल्या एकाचे आटे झिजले होते, त्यामुळं दांडी फिरत फिरत सरळ जागा सोडून पार पुढं जायची आणि तोंडात धरायचा चपटा भाग आडवा राहायच्या ऐवजी उभा व्हायचा. त्याच्या मालकानं पाइप ओढायचा म्हणजे मान वाकडी करूनच. एकाला तर खुंटीच नव्हती. दांडीचं टोकच निमुळतं होत गेलेलं, आणि मानेच्या तोंडाला चांदीची कडी. टोक नुसतं टेकवलं की बसायचं. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, ही फौजी तऱ्हा. घोड्यावर असताना पाइप गरम असला तरी काढून खिशात टाकता येतो, खुंटी मोडायची भीती नाही.

मला ती कडीच आवडली. मी मालकांपुढं ठेवली. "ही कशासाठी असंल?"

"शोभेला."

"चाकाला धाव शोभेला असते व्हय?"

करमाडला वडील चाक जुळवून झालं की लोखंडी धाव भट्टीत लाल करत. तापली की ती मोठी होते. तशीच ती चाकावर चढवायची, मग थंड होताना आखडते आणि सगळ्या आऱ्यांना आणि कडेच्या लाकडी पुठ्ठ्यांना अशी आवळते की हातोडीनंही सांधा हलत नाही. मी म्हटलं, चिरलेल्या मानेला तापलेली कडी चढवू, ती थंड होताना चीर मिटवून धरेल.

"बैलगाडी हाय का ही?"

"हुक्का तरी कुठं आहे?"

यावर ते गप्प बसले. आमच्या संसारात त्यांना मी गप्प केलं असे प्रसंग मोजकेच आहेत, म्हणून हा लक्षात आहे.

सामान दुकानातच होतं. काठीच्या टोकाला धातूची टोपी बसवतात तशा कड्या, आम्ही त्यांना शाम म्हणतो, नैच्यासाठी सासऱ्यांनी करवून घेतलेल्या डबाभर पडल्या होत्या. काही चांदीच्या. हुक्क्याची हाडाची तोंडंही होती. हाडाच्या वस्तूंचा डबा दुकानातच राहायचा. तो घराच्या उंबऱ्याच्या आत आणायचा नाही आणि त्याला हात लावून चुलीकडं जायचं नाही, हा सासूबाईंचा कायदा. त्या चार दिवसांत मी इतक्यांदा हात धुतले की बोटांना सुरकुत्या पडल्या.

पाइप ज्वारीतून काढला तेव्हा लाकूड पुन्हा आखडलं होतं आणि अडकलेली खुंटी आत जराशी सैल झाली होती. मालकांचं म्हणणं, तापलेली तार घालून ती जाळून काढावी. मी म्हटलं, आपण आजवर भिजवून पाहिलं, आता जाळून पाहू, मग पुरून टाकू. शेवटी एक बारीक पेच खुंटीच्या भोकात दोनच आटे फिरवला आणि सरळ ओढला. दात निघतो तशी निघाली. आत आमचा दोराही होता, फुगून काळा झालेला. तो मालकांनी माझ्या हातून घेतला आणि बाहेर जाऊन गटारात टाकून आले.

मग मला गुडगुडण्याचं कारण दिसलं. मोडकी खुंटी मानेच्या भोकाशी लावून पाहिली तर ती आखूड होती. आत भोक संपायच्या आधीच खुंटी संपत होती, मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढी मोकळी जागा. त्या खळग्यात धुराचं पाणी साठायचं. हुक्क्यात जे मुद्दाम करतात ते इथं चुकून झालं होतं.

नवी खुंटी आम्ही हाडाची केली. अर्ध्या भागाला आटे, तो दांडीत कायमचा बसवायचा. अर्धा भाग गुळगुळीत, तो मानेत जायचा. आटे पाडायचं हत्यार पेन दुरुस्त करणाऱ्याकडून मागून आणलं. डॉक्टरांची दांडी ज्या काळ्या मालाची होती त्याच मालाची जुनी पेनं असायची. घासलं की गंधकाचा वास येतो. पेनवाल्यानं एक गोष्ट बजावली, हिला गरम पाण्यात धुऊ नका. मी कबाडातली एक वाकडी दांडी मुद्दाम गरम पाण्यात टाकून पाहिली. डोळ्यांदेखत ती मऊ होऊन सरळ झाली. वाकवलेली वस्तू आपलं मूळचं रूप विसरत नाही, ऊब मिळाली की परत तशीच होते. मालकांना दाखवली तर म्हणाले, तुझ्या माहेरची दिसते.

कातताना त्यांनी पटाशी धरली, मी पट्टा ओढला. एवढं बारीक काम त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. मी श्वास धरून पट्टा ओढत होते आणि ते कुरकुरत होते, "हळू. झोका देतीस का काय?" पण हात त्यांचा होता, हे मी कुठंही सांगेन. उजेडात धरली तर हाडातून बोटाची सावली दिसेल इतकी बारीक खुंटी त्यांनी एका हिसक्याशिवाय उतरवली.

ती बसवायची तऱ्हा मात्र माझी. खुंटीला काजळ लावायचं, मानेत घालून अर्धा वेढा फिरवायची, बाहेर काढायची. जिथं काजळ पुसलं तिथं ती घासते, तेवढीच जागा काचेच्या तुकड्यानं खरवडायची. पुन्हा काजळ. असं वीस-पंचवीस वेळा. शेवटी ती दाबली की मऊ आवाज करून जायची आणि सरळ ओढली की हट्ट न करता यायची. ना दोरा, ना पाणी. वर थोडं मेण.

कडी आधी कबाडातल्या पाइपावर चढवून पाहिली. फार तापवली, लाकूड जळून काळं पडलं. दुसऱ्या वेळी तव्याला भाकरी टाकण्याआधी पाण्याचा शिंतोडा मारून बघतो तेवढीच तापवली. मग डॉक्टरांच्या पाइपावर चढवली. चीर मिटताना मी पाहिली. आधी रेघ, मग केस, मग काही नाही. मालकांनी नखानं कडी हलवून पाहिली आणि म्हणाले, "शोभतीय."

आठव्या दिवशी टांगा आला. मालकांनी मला आधीच बजावून ठेवलं होतं. "कडीबद्दल विचारलं तर शोभेसाठी बसवली म्हणायचं. तू तोंड उघडू नको."

डॉक्टरांनी पाइप घेतला. आधी दांडी काढली, बसवली. मग दांडीच्या टोकातून एक बारीक केसाळ तार आत घातली. ती कुठंही न अडता थेट वाटीच्या तळाशी आली, तेव्हा त्यांच्या मिशा हलल्या. मग तिथंच फळीवर बसून त्यांनी तंबाखू भरली, पेटवली आणि कान देऊन ओढू लागले. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडं बघत उभे. अर्धी वाटी जळाली. पाइप मुका.

"पाणी नाही," ते म्हणाले. मग बोट कडीवर ठेवलं. "ही नव्हती."

"शोभेसाठी, साहेब," मालक म्हणाले.

डॉक्टर माझ्या पायांकडं बघत होते. मग गुडघ्यांकडं. मग तोंडाकडं.

मी म्हटलं, "खाली चीर आहे. आम्हीच पाडली. हुक्क्यासारखा ओला दोरा गुंडाळला, लाकूड फुगलं आणि तडकलं. खुंटीही आम्हीच मोडली. आता आतली खुंटी हाडाची आहे आणि पहिलीपेक्षा लांब आहे, म्हणून गुडगुडत नाही. पाण्यानं धुऊ नका."

मी खरं का बोलले, हे पुष्कळांनी पुढं विचारलं, आणि बहुतेकांना मी सांगितलं की खोटं बोलणं मला जमत नाही. हे अर्धंच खरं आहे. उद्या ती कडी निघाली असती आणि खालची चीर दिसली असती, तर त्या माणसानं वीस वर्षांचं कडू पाणी आमच्या नावानं थुंकलं असतं, हे एक. दुसरं म्हणजे त्या क्षणी माझ्या मनात आलं, साहेब आता रागावतील, क्लबातले पाइप येणार नाहीत, आणि मालक गिरणीत जातील. पाइप नीट झालाच होता, कोणाचं नुकसान नव्हतं. मी सरळ मार्गानं मला हवं तिकडं निघाले होते.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. पाइप विझवला, खिशात ठेवला, कामाचं जे ठरलं होतं ते दिलं आणि टांग्यात बसले. घोड्याच्या मानेवर थाप मारली, आमच्याकडं पाहिलंही नाही.

मालक मला म्हणाले, "झालं समाधान? बापाचं दुकान तुझ्या जिभेनं बुडवलं."

"गिरणीत काय उपाशी मरणार आहात?"

"तू बोलूच नको."

मग पाच दिवस घरात कोणी कोणाशी सरळ बोललं नाही. मालक मला सांगायचं ते सासूबाईंना सांगत, "आई, तिला म्हणावं भाकरी जळाली." सासूबाई माझ्याकडं बघत, मी त्यांच्याकडं. भाकरी जळालेली असायची, ती गोष्ट खरी. दुकानात मात्र मालक एकेक हत्यार तेल लावून चिंधीत गुंडाळायला लागले होते. कोरडी चिंधी. ते पाहून मी पाठ फिरवून चुलीकडं गेले. पगार येऊ लागला की सगळं बरं वाटेल, असं मनाला सांगितलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी टांगेवाला एकटाच आला. हातात कापडी पिशवी. पिशवीत चार पाइप. एकाची खुंटी मोडलेली, एकाचे आटे झिजलेले, दोन नुसतेच गुडगुडणारे.

"डॉक्टरसाबने भेजे," तो म्हणाला. "और बोले, बंबईवाल्याला फकत दुरुस्त करता येतं. ह्यांना मोडतं कसं तेबी ठाऊक हाय. ह्यांनाच दे. और बोले, काम झालं की बाईला विचारून घेऊन ये, मिस्त्रीला विचारू नको."

मालकांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली. शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. टांगेवाला गेल्यावर पाच दिवसांत पहिल्यांदा ते माझ्याशी सरळ बोलले.

"बघ, मी म्हटलं नव्हतं का, येतील म्हणून?"

मी चारही पाइप फळीवर मांडले. गिरणीचा पगार, सुट्टी, सगळं माझ्याच तोंडून गेलं होतं. खोटं बोलले असते तर डॉक्टरांना संशय आला असता, बाकीचे पाइप बंबईला गेले असते आणि मालक सकाळच्या भोंग्याला डबा घेऊन निघाले असते. साधं गणित होतं, चौथी शिकलेल्या बाईला जमायला हवं होतं.

संध्याकाळच्या डाकेच्या आधी चुलत भावाला कळवायचं होतं. मालकांना लिहिता येत नव्हतं. मी कार्ड घेऊन बसले, ते मागं उभे राहून सांगायला लागले.

"लिही, दादास साष्टांग नमस्कार. लिही, दुकानात काम फार आलंय. फार लिही."

"चार पाइप आलेत."

"तू फार लिही."

मी लिहिलं.

"लिही, आम्हास गिरणीत येणं जमत नाही. आणि लिही, वडलांची गादी सोडवत नाही."

"गादी कुठली? खराद आहे."

"बरं, खराद लिही. आणि खाली माझी सही कर."

मी त्यांच्या नावाची सही केली, पत्ता लिहिला आणि कार्ड पेटीत टाकून आले. गिरणीला 'नाही' असं कोणी कळवलं हे कोणी विचारलंच, तर कागदोपत्री ते माझ्याच अक्षरात आहे.